बार्बाडोसची ग्रँटली ॲडम्स टॅक्सी टूर : दिवसभर एका वकिलाच्या मागे

२०२४ च्या जूनमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या फायनलसाठी आम्ही चौघं बार्बाडोसला गेलो होतो. मी, नवरा, १३ वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे. आम्ही टोरांटोला असतो आणि बाबा तेव्हा रत्नागिरीहून आमच्याकडे आले होते. आयुष्यभर कोर्टात नोकरी केलेली, नाझर म्हणून रिटायर झाले, वय ७४ पण चालायला आमच्यापेक्षा टणक. फायनल शनिवारी २९ ला होती आणि शुक्रवारचा दिवस मोकळा होता. बीच दोन दिवस झाला होता, कॅटामरानमध्ये बसून कासवं बघायला बाबांना नको होतं, मग हॉटेलच्या डेस्कवर विचारलं की इथला इतिहास दाखवणारं कोणी आहे का. तिथल्या मुलीने एका टॅक्सीवाल्या काकांचा नंबर दिला, म्हणाली हे ग्रँटली ॲडम्सची, म्हणजे इथल्या जुन्या मोठ्या वकील-नेत्याची, टूर करतात. मला ते नाव फक्त विमानतळाच्या पाटीवरचं माहीत होतं, बस्स. नंतर चार दिवसांनी बेरिल वादळामुळे तेच नाव भारतातल्या सगळ्या चॅनलवर दिसायला लागलं, विमानतळ बंद, टीम अडकली वगैरे, आणि गावाहून सगळ्यांचे फोन यायला लागले. तोपर्यंत आम्हाला तो माणूस चांगला ओळखीचा झाला होता.

आधी व्यवहाराचं सांगते. बार्बाडोसच्या टॅक्सीला मीटर नसतो, भाडं आधी ठरवायचं, आणि अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट झेड अक्षराने सुरू होते ते बघून बसायचं. आमचे चौघांचे मिळून २०० अमेरिकन डॉलर ठरले, म्हणजे ४०० बार्बाडोस डॉलर, कारण तिथे २ ला १ असा भाव १९७५ पासून बांधलेला आहे आणि दुकानात दोन्ही चालतात. ६ तास सांगितले होते, साडेसात झाले, जास्तीचे पैसे मागितले नाहीत. गाडी ७ सीटची व्हॅन, स्वच्छ, पण मागच्या बाजूला एसी पोचत नव्हता आणि जूनमध्ये तिथे आपल्या कोकणासारखाच घाम निघतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, बाबांना ते लगेच बरं वाटलं.

सुरुवात बे स्ट्रीटवर सरकारी कचेरीसमोरच्या पुतळ्यापासून झाली. काकांनी गाडी लावली आणि काही बोलायच्या आधी खिशातून १०० ची नोट काढून माझ्या मुलाच्या हातात दिली. नवीन प्लास्टिकची नोट, २०२२ पासूनची, हाताला गुळगुळीत, मुडपली तरी परत सरळ होते. पुढच्या बाजूला ॲडम्सचा चेहरा. मागे उलटवली तर तोच विमानतळ ज्यावर आम्ही उतरलो होतो. मग म्हणाले आता वर बघ, पुतळा बघ, आणि मला सांग हा माणूस श्रीमंतांचा वकील वाटतो की गरिबांचा. मुलगा गप्प. काका म्हणाले संध्याकाळी परत विचारीन. अख्खी टूर त्या एका प्रश्नावर चालते आणि म्हणूनच मला ती इतकी आवडली, कारण मी बऱ्याच ठिकाणी असे गाईड बघितलेत जे आपल्या नेत्याला देव करून मोकळे होतात.

थोडक्यात माणूस असा. जन्म २८ एप्रिल १८९८, वडील शाळेत हेडमास्तर, हॅरिसन कॉलेजात शिकला, १९१८ मध्ये बार्बाडोस स्कॉलरशिप मिळाली. एवढ्याशा बेटावर अशी स्कॉलरशिप मिळणं म्हणजे केवढी गोष्ट असेल. त्यावर ऑक्सफर्डला गेला, कायदा केला, बॅरिस्टर होऊन १९२५ ला परत आला. बाबा लगेच म्हणाले म्हणजे आपले बाबासाहेब लंडनला बॅरिस्टरी करत होते त्याच वर्षांत हा पण तिथेच शिकत होता की. मी ते काकांना इंग्रजीत सांगितलं, त्यांना आंबेडकर माहीत नव्हते, बाबांनी मग दहा मिनिटं सांगितलं आणि मी भाषांतर केलं, आणि ती दहा मिनिटं काकांनी अजिबात घाई केली नाही. ॲडम्स क्रिकेटसुद्धा खेळायचा, बार्बाडोसकडून एक फर्स्ट क्लास मॅच खेळलाय, तो भाग मुलाला आवडला.

आता काका जे सांगतात आणि नोटेवर छापलेलं नसतं ते. परत आल्यावर हा तरुण बॅरिस्टर सुरुवातीला उसाच्या मळेवाल्यांच्या बाजूचा होता, त्यांच्या पेपरात अग्रलेख लिहायचा. त्या वेळी क्लेनेल विकहॅम नावाचा एक संपादक होता, बार्बाडोस हेरल्ड पेपर चालवायचा, गरिबांच्या बाजूने आणि बड्या लोकांवर घणाघाती लिहायचा. १९३० मध्ये एका व्यापाऱ्याने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्या व्यापाऱ्याचा वकील ग्रँटली ॲडम्स. केस जिंकली. विकहॅम त्यात संपला, पेपर हातातून गेला, शेवटी ग्रेनाडाला निघून गेला आणि तिकडेच १९३८ ला वारला. काका हे सांगताना पुतळ्याकडे पाठ करून उभे होते. म्हणाले माझे वडील बंदरावर हमाल होते, युनियनचे मेंबर होते, ॲडम्सला मोझेस म्हणायचे, बायबलमधला लोकांना गुलामीतून काढणारा मोझेस, सगळं बेटच त्याला तसं म्हणायचं, पण विकहॅमचं नाव निघालं की वडील जेवणावरून उठायचे.

तिथून ब्रिजटाऊनमध्ये पार्लमेंट. प्रवाळ दगडाच्या दोन इमारती, १८७० च्या दशकातल्या, पण सभा १६३९ पासूनची आहे आणि कॉमनवेल्थमधली तिसरी जुनी म्हणतात. आत म्युझियम आहे, आम्ही गेलो नाही, वेळ नव्हता. समोरच्या हिरोज स्क्वेअरमध्ये नेल्सनचा पुतळा होता तो २०२० मध्ये काढला, ती मोकळी जागा दाखवली. हा स्टॉप ठीकठाक, फोटोपुरता.

गोल्डन स्क्वेअर मात्र आयुष्यभर लक्षात राहील. गावातली छोटी जागा, आता छान पार्क केलंय, क्लेमेंट पेनचा अर्धपुतळा आहे. काकांनी गाडी बंद केली, टोपी काढली आणि सावलीत उभं राहून अर्धा तास बोलले. १९३७ साली मार्चमध्ये हा पेन त्रिनिदादहून बार्बाडोसला आला. आईवडील बार्बाडोसचे पण जन्म त्रिनिदादचा, लहानपणी इथेच वाढलेला. रोज संध्याकाळी याच चौकात सभा घ्यायचा, कामगारांनो एक व्हा, युनियन करा. सरकार घाबरलं, पण भाषणावरून पकडता येईना, मग काढलं काय, तर बोटीतून उतरताना याने जन्मस्थान बार्बाडोस सांगितलं म्हणजे खोटी माहिती दिली. मॅजिस्ट्रेटने १० पौंड दंड केला. याने अपील केलं.

इथे बाबांनी मध्येच थांबवलं, म्हणाले विचार, अपील कोणी चालवलं? काका हसले, म्हणाले हाच प्रश्न यायची मी वाट बघत असतो आणि बहुतेक कोणी विचारत नाही. अपील चालवलं ग्रँटली ॲडम्सने. तोच, सात वर्षांपूर्वी विकहॅमला बुडवणारा. आणि अपील जिंकलं, २६ जुलैला. पण निकाल लागला तरी उपयोग झाला नाही, गव्हर्नरच्या हद्दपारीच्या हुकुमावर त्याच दिवशी पेनला बोटीवर चढवून त्रिनिदादला पाठवून दिलं. लोक धक्क्यावर जमले. दुसऱ्या दिवशी गाव पेटलं, दुकानांच्या काचा, गाड्या, रस्त्यावरचे दिवे फोडले, मग खेड्यापाड्यात लोण गेलं, लोक उपाशी होते, मळ्यातली रताळी उपटून नेली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. १४ माणसं मेली, ४७ जखमी. पेनही पुढे चार वर्षांतच वारला.

बाबा म्हणाले कागदावर जिंकलेली आणि प्रत्यक्षात हरलेली केस, अशा मी शंभर बघितल्यात, डिक्री हातात असते आणि माणूस रस्त्यावर. मी ते सांगितल्यावर काका बराच वेळ बाबांकडे बघत राहिले आणि मग त्यांचा हात हातात घेतला. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण तिथून पुढे दिवसभर ते दोघंच बोलत होते, मी नावाला मध्ये.

काकांचं म्हणणं असं की त्या जुलैने ॲडम्स बदलला, किंवा ॲडम्सला कळलं की कोर्टात जिंकून पुरत नाही. तो लंडनला जाऊन वसाहत खात्याला भेटला, नंतर ब्रिटिशांनी चौकशीसाठी नेमलेल्या मोयन कमिशनपुढे मजुरांची बाजू मांडली, १९३८ ला पक्ष निघाला तोच आजचा बार्बाडोस लेबर पार्टी, १९४१ ला वर्कर्स युनियन आणि हा तिचा पहिला अध्यक्ष. आणि मग मतदानाचा हक्क. तोपर्यंत मत द्यायचं तर ठराविक उत्पन्न किंवा मालमत्ता लागायची, म्हणजे ऊस तोडणाऱ्याला मत नाही. १९४३ च्या कायद्याने ती अट खाली आणली आणि बायकांना मत मिळालं, १९५० ला अटच काढून टाकली, आणि १९५१ च्या डिसेंबरमध्ये सगळ्या सज्ञान माणसांनी पहिल्यांदा मत दिलं. काकांची आई उसाच्या मळ्यात होती. त्या दिवशी चर्चला घालायची हॅट घालून गेली, रविवार नसताना. हॅट अजून घरी आहे म्हणाले. मी विचारलं कोणाला मत दिलं, तर म्हणाले तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही, म्हणायची ते माझं गुपित आहे, आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचं म्हणून काही मिळालं होतं.

नंतर सेंट मायकेल कॅथेड्रल, तिथे ॲडम्सला पुरलंय, १९७१ ला गेला. त्याचा मुलगा टॉम पण तिथेच, तो १९७६ ला पंतप्रधान झाला आणि १९८५ ला पदावर असतानाच वारला. वकीलच तोही. हॅरिसन कॉलेज जवळच, रस्त्यावरूनच बघितलं.

जेवण टूरमध्ये नाही, पण काका एका साध्या खाणावळीत घेऊन जातात. आम्ही मॅकरोनी पाय, मासे आणि फिशकेक घेतले, कणकेच्या गोड भज्यात मासा घातल्यासारखं काहीसं लागतं, तिखट सॉस मात्र आपल्या तोंडाला झोंबेल असा. शुक्रवार म्हणून बाबा शाकाहारी होते तर त्यांच्यासाठी ब्रेडफ्रूट आलं आणि बघतो तर काय, नीरफणस! आपल्याकडे परसात असतो तोच. बाबांनी काकांना कापं कशी करायची ते सांगितलं, तांदळाचं पीठ, हळद, तिखट, तव्यावर तेल सोडून. काकांनी फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतलं.

दुपारी टायरोल कॉटला निघालो, कॉड्रिंग्टन हिलवरचं ॲडम्सचं घर, १८५४ चं बांधकाम, १९२९ पासून ते तिथे राहायचे, टॉमचा जन्म तिथला. आम्ही फक्त फाटकातून बघितलं, हे काकांनी आधी सांगायला पाहिजे होतं असं मला वाटतं. पण वाटेत काकांनी एका लाकडी घरापाशी गाडी थांबवली. छोटं घर, दोन खोल्यांचं, उतरत्या छपराचं, मधोमध दार आणि दोन्हीकडे खिडक्या, आणि खाली जोतं नाहीच, नुसते दगड एकावर एक ठेवून त्यावर घर टेकवलेलं, दगडांच्या फटीतून पलीकडची कोंबडी दिसत होती. याला चॅटल हाऊस म्हणतात. मुलाने विचारलं चॅटल म्हणजे काय, मी गुगल करणार तेवढ्यात बाबा म्हणाले जंगम. जंगम मालमत्ता. स्थावर नव्हे, जंगम. आणि मग त्यांच्याच लक्षात आलं ते काय बोलले आणि ते खाली उतरून त्या दगडांपाशी गेले. गुलामी संपली पण जमीन मळेवाल्याचीच राहिली, मजुराचं घर त्याच्या जमिनीवर, मालकाशी बिनसलं की जागा सोड. म्हणून घर असं बांधायचं की फळ्या सोडवून गाडीवर घालून दुसरीकडे उभं करता येईल. बाबांनी नोकरीत कित्येक जप्त्यांचं काम बघितलंय, कपाट, सायकल, भांडी, सगळं जंगमच्या यादीत लिहायचं. म्हणाले, आख्खं घर जंगमच्या यादीत मी पहिल्यांदा बघतोय. त्या घरात राहणाऱ्याला मत नव्हतं, आणि १९५१ ला मिळालं. मला सकाळपासून जे काही सांगितलं होतं ते सगळं तिथे त्या दगडांपाशी नीट कळलं.

शेवट केन्सिंग्टन ओव्हल, बाहेरूनच, कारण दुसऱ्या दिवसाची तयारी चालू होती. इथे काकांनी ५ ची नोट काढली, त्यावर क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल. आणि इथे बोलायची पाळी बाबांची होती. १९६२ साली याच मैदानावर चार्ली ग्रिफिथचा बॉल आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, आणि रक्त द्यायला आधी पुढे आला तो वॉरेल, वेस्ट इंडीजचा कॅप्टन. बाबा तेव्हा १२ वर्षांचे, त्यांनी ते पेपरात वाचलेलं. ती नोट त्यांनी दोन्ही हातात धरली होती. काकांनी ती त्यांना देऊन टाकली.

ॲडम्सच्या आयुष्यातलं वेस्ट इंडीज फेडरेशन काकांनी इथे सांगितलं आणि जागा अगदी बरोबर निवडली. पुढे एक देश व्हावा म्हणून १९५८ च्या जानेवारीत १० ब्रिटिश वसाहतींचा मिळून हा संघ सुरू झाला, राजधानी पोर्ट ऑफ स्पेन, आणि पंतप्रधान ॲडम्स, पहिला आणि शेवटचा. जमैकाचा नॉर्मन मॅन्ली, तोही बॅरिस्टर, आणि त्रिनिदादचा एरिक विल्यम्स हे दोघं निवडणुकीला उभेच राहिले नाहीत, आपापल्या बेटावर थांबले. हातात पैसा नाही, दोन मोठी बेटं ऐकत नाहीत. मागील तारखेपासून टॅक्स लावू असं ॲडम्स बोलून गेला आणि जमैका आणखी बिथरलं. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये जमैकाने सार्वमत घेऊन बाहेर पडायचं ठरवलं, विल्यम्स म्हणाला दहातून एक गेला की शून्य उरतं, आणि ३१ मे १९६२ ला फेडरेशन मोडलं. कॉन्ट्रॅक्टरला बॉल लागला तो त्याच वर्षीचा मार्च. म्हणजे वॉरेल ज्या टीमचा कॅप्टन होता ती टीम राहिली आणि तो देश दोन महिन्यांत गेला. हे माझ्या मुलाने जोडलं, आम्ही नाही. बार्बाडोस स्वतंत्र झालं ३० नोव्हेंबर १९६६ ला, पण ते एरल बॅरोच्या हाताखाली, जो आधी ॲडम्सच्याच पक्षात होता आणि १९५५ मध्ये वेगळा पक्ष काढून बसला. बॅरो पण वकील. तोपर्यंत ॲडम्स म्हातारा, विरोधी बाकावर.

जे कमी वाटलं ते पण लिहिते. काका बजन, म्हणजे तिथल्या इंग्रजी बोलीत बोलतात, एकदा रंगात आले की अर्धे शब्द गिळतात, हळू बोला म्हटलं की दोन मिनिटं हळू बोलतात. फेडरेशनचं फार पळवलं, पंधरा मिनिटांत उरकलं, खरं तर तो सगळ्यात दुःखाचा भाग आहे. आणि १९४८ ला ॲडम्स पॅरिसला युनोमध्ये ब्रिटिशांच्या डेलिगेशनमधून गेला आणि तिथे ब्रिटिश वसाहती कशा चांगल्या चालल्यात ते सांगून आला, त्यावर आफ्रिकेतल्या नेत्यांनी त्याला खूप झोडपलं, हे त्यांनी जाताजाता एका वाक्यात सांगितलं. मला त्यावर अजून ऐकायचं होतं. विकहॅमबद्दल इतकं मोकळं बोलणारा माणूस इथे का आवरता घेतो ते मला समजलं नाही. बाथरूमचे स्टॉप मागून घ्यावे लागतात.

संध्याकाळी हॉटेलवर सोडताना त्यांनी मुलाला खरंच परत विचारलं, श्रीमंतांचा वकील की गरिबांचा. तो म्हणाला आधी यांचा, मग त्यांचा, पण विकहॅमला सॉरी म्हणाला का तो? काका म्हणाले ते मी पण माझ्या वडिलांना विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी आपण ७ रनने जिंकलो ते सगळ्यांना माहीतच आहे, बाबा स्टेडियममध्ये रडले, सूर्याच्या कॅचला आमच्या मागची एक बार्बाडोसची बाई माझ्या गळ्यात पडली. मग बेरिल आलं, विमानतळ बंद, १ तारखेला आम्ही हॉटेलच्या खोलीत खिडक्यांना गाद्या लावून बसलो होतो आणि सकाळी काकांचा फोन आला, पाणी भरून ठेवलंय का, मेणबत्त्या आहेत का, पप्पांची गोळ्या-औषधं पुरेशी आहेत का. पप्पा म्हणजे बाबा. पैसे देऊन झाले होते, टूर संपली होती.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. जायचं असेल तर दोन दिवस आधी फोन करा, नंबर बहुतेक हॉटेलांच्या डेस्कवर असतो, पैसे रोख लागतात. सकाळी ८ ला निघा म्हणजे गोल्डन स्क्वेअरला ऊन चढायच्या आत पोचाल. २८ एप्रिलच्या आसपास जाणार असाल तर तो नॅशनल हिरोज डे असतो, ॲडम्सच्या वाढदिवसालाच, त्या दिवशी काका टूर घेत नाहीत, आईची हॅट घेऊन चर्चला जातात.